बंदुकीविरुद्ध गाणें

"गाण्यानें गोळी अडत नाहीं," असें व्यवहारचतुर माणसें म्हणतात, आणि त्यांचें म्हणणें वरवर पाहतां खरेंहि आहे. तथापि गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या देशांतील गायकवादकांनीं बंदुकीच्या उपद्रवाविरुद्ध लोकमत जागें करण्यासाठीं जलसे केले आहेत. अशा जलशांचा उपयोग होतो कीं नाहीं, आणि होत असल्यास तो कोणत्या अटीवर, याचा विचार आमच्या विद्यार्थिवर्गानें व त्यांच्या पालकांनीं अवश्य करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम जमैका बेटाचें उदाहरण घेऊं. १९७६ सालीं तेथें दोन राजकीय पक्षांचे अनुयायी एकमेकांवर गोळ्या झाडीत होते. सुप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांनीं किंग्स्टन शहरांत लोकांसाठीं मोफत जलसा करण्याचें ठरविलें. ३ डिसेंबर रोजीं बंदूकधारी इसम त्यांच्या घरांत शिरले. त्यांच्या गोळ्यांनीं मार्ले, त्यांची पत्नी व आणखी कांहीं मंडळी जखमी झालीं. तरीहि ५ डिसेंबर रोजीं मार्ले व्यासपीठावर उभे राहिले व गायले. पुढें २२ एप्रिल १९७८ रोजीं त्याच शहराच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर शांततेसाठीं जलसा झाला. त्या वेळीं त्यांनीं पंतप्रधान मायकेल मॅन्ली व विरोधी पक्षाचे पुढारी एडवर्ड सिआगा या दोघांस व्यासपीठावर बोलावून त्यांचे हात एकमेकांच्या हातांत दिले.

पण पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. त्या जलशाच्या खटपटींत विरुद्ध टोळ्यांचे जे दोन म्होरके पुढें होते, ते दोघेहि थोड्याच वर्षांत गोळीला बळी पडले. आणि १९८० च्या निवडणुकीच्या वर्षीं सुमारें ८०० माणसें राजकीय हिंसाचारांत प्राणास मुकलीं. मग जलसा व्यर्थच गेला, असें कोणी म्हणेल. आमचें मत निराळें आहे. पुढाऱ्यांचे हात घटकाभर जुळले, परंतु गल्लोगल्लींच्या बंदुका होत्या तेथेंच राहिल्या. दोष गाण्याचा नव्हे. गाण्यामागून जें काम व्हावयास हवें होतें तें झालें नाहीं, हा दोष होय.

तें काम कोणतें, हें मेक्सिको देशांतील एका उदाहरणावरून कळेल. पेद्रो रेयेस या कलावंतानें २००८ सालीं कुलिआकान शहराच्या नागरिकांस आवाहन केलें कीं, घरांतील बंदूक आणून द्यावी व तिच्या मोबदल्यांत घरगुती विजेच्या वस्तूंसाठीं चिठ्ठी घ्यावी. १,५२७ शस्त्रें जमा झालीं. तीं चिरडून वितळविण्यांत आलीं व त्या धातूचीं तितकींच फावडीं घडवून झाडें लावण्यासाठीं देण्यांत आलीं. पुढें २०१२ सालीं सरकारच्या ताब्यांतील ६,७०० निकामी शस्त्रें त्यांच्या हातीं आलीं, आणि वादकांच्या साहाय्यानें त्यांतून ५० वाद्यें तयार झालीं. कोलंबिया देशांत सेसार लोपेस या वादकानें २००३ पासून जुन्या रायफलींच्या गिटारी करविल्या. अशा वाद्यांचा जलसा हा कोरडा उपदेश नव्हे. ज्या नळींतून गोळी सुटत होती तिच्यांतून आतां सूर निघतो, हें श्रोता डोळ्यांनीं पाहतो.

यावरून आम्ही असें म्हणतों कीं, जलशानें श्रोत्यांजवळ कांहींतरी मागितलें पाहिजे. नुसत्या टाळ्या वाजविल्यानें आपलें कर्तव्य संपलें असें वाटूं लागलें, तर तो जलसा उपकारक न होतां उलट मनास झोप आणणारा होईल.

हा प्रश्न परदेशचाच आहे असेंहि कोणीं समजूं नये. आपल्या देशाच्या उत्तर भागांत लग्नाच्या वरातींत वाद्यांच्या तालावर हवेंत गोळ्या झाडण्याची दुष्ट चाल आहे, व तिच्या पायीं वऱ्हाडी व नाचणारे यांचे प्राण गेले आहेत. अशा बेपर्वाईनें दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनें शस्त्रकायद्यांत ठेविली आहे. पंजाब सरकारनें तर २०२२ च्या नोव्हेंबरांत शस्त्रांची थोरवी गाणाऱ्या गाण्यांसच मनाई केली. गाणें बंदुकीचें शत्रु होऊं शकतें, तसेंच तें तिचें भाटहि होऊं शकतें, हें यावरून स्पष्ट दिसतें. सरकारी मनाईनें सारें साधेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या गाण्यास श्रोता नाहीं तें आपोआप बंद पडतें. आणि श्रोता होणें न होणें हें तर आपल्या हातीं आहे.

म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें असें कीं, स्नेहसंमेलनासाठीं गाणें निवडतांना केवळ ठेका पाहूं नका, शब्दहि ऐका. पालकांस आमची विनंति अशी कीं, ज्या वरातींत बंदूक निघेल तींतून मुलांस घेऊन सरळ घरीं परत यावें. मानापमानाचा विचार करूं नये. यजमान चार दिवस रुसेल, पण मूल सुखरूप राहील.