छपरावर सोलर, तरी घरात अंधार : बॅटरी किती मोठी घ्यायची?

'सोलर बसवलंय, आता लाइट गेली तरी चिंता नाही', हा समज दापोली, मंडणगड, खेडच्या गावांत अजूनही आहे. पहिल्या वादळी पावसात तो मोडतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून बसणाऱ्या बहुतेक यंत्रणा 'ऑन-ग्रीड' असतात. महावितरणची लाइन बंद पडली की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लाइनवर चढलेल्या वायरमनला घरातल्या सोलरचा शॉक बसू नये, यासाठी ही सोय असते. त्यामुळे भर उन्हातही लाइट गेली की पंखा थांबतो.

मग बॅटरीची चौकशी सुरू होते. योजनेचे अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते : 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार रुपये. बॅटरीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. म्हणूनच इथे चुकीचा आकडा थेट खिशाला लागतो.

हिशेब यादीपासून

दुकानात '150 ची घ्या की 200 ची' असे विचारले जाते. आधी विचारायला हवे ते हे : लाइट गेल्यावर काय चालवायचे आणि किती तास?

एका घराची रात्र धरू. 9 वॅटचे पाच बल्ब पाच तास, 75 वॅटचे दोन पंखे आठ तास, टीव्ही तीन तास, वायफाय आणि मोबाइल चार्जिंग. बेरीज सुमारे 1,725 वॅट-तास, म्हणजे पावणेदोन युनिट. इन्व्हर्टरमध्ये साधारण 15 टक्के वीज वाया जाते. लेड-अॅसिड बॅटरी टिकवायची तर ती निम्मीच वापरावी. हे धरले की 12 व्होल्टच्या सुमारे 340 अँपिअर-अवरची गरज निघते, म्हणजे 180 च्या दोन बॅटऱ्या.

आता तेच पंखे 30 वॅटचे बीएलडीसी लावले तर बेरीज हजार वॅट-तासांवर येते. 200 ची एकच बॅटरी भागवते. लिथियम बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून दीड युनिटची पुरते. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा खर्च विचारून बघावा, तो इथे कामी येतो.

विहिरीचा पंप मात्र यादीत नको. एक अश्वशक्तीची मोटर तासभर चालली तरी रात्रभराची वीज संपते.

वादळाचे गणित वेगळे

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. अशा वेळी बॅटरी कितीही मोठी असली तरी दोन-चार रात्रींत रिकामी होते. तिथे उपयोग होतो तो लाइन बंद असतानाही पॅनेलवरून बॅटरी भरणाऱ्या हायब्रिड इन्व्हर्टरचा. नुसता घरगुती इन्व्हर्टर लाइनवरच चार्ज होतो, हा फरक खरेदीआधी विचारून घ्यावा.

1 किलोवॅट पॅनेल दिवसाला सरासरी 4 युनिटच्या आसपास देते. दाट ढगाळ दिवशी ते निम्म्याहून खाली येते. म्हणून पावसाळ्यासाठी दोन रात्रींचा साठा हवा असेल तर वरचा आकडा दुप्पट धरावा. रोज तास-दोन तास लाइट जाणाऱ्या गावाला एवढ्याची गरज नाही.

बॅटरीवर सी-10 आहे की सी-20 तेही बघावे. 150 हा आकडा दोन्हीवर सारखाच असतो, पण सी-20 ची तेवढी क्षमता वीस तास हळूहळू वापरली तरच मिळते. कोटेशनवर यादी, तास आणि हा प्रकार लिहून मागावा. यादी न विचारता आकडा सांगणाऱ्या दुकानदाराला तुमच्या घराची गरज कळलेली नसते.