वळचणीचा कप

कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव पुढे छत्रपती शाहू महाराज झाले, हे आपण जाणताच. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांस त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढावयास लावले. तेथे गाडी थांबवून महाराज स्वतः चहा घेत, बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजाने चहा घेतला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु मार खाल्लेल्या माणसाने भर रस्त्यावर रोज दुकान उघडले, यात मला अधिक धैर्य दिसते.

संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणास शिक्षा ठरविली. तरी माझ्यापुढे पक्षकार म्हणतो, "वकीलसाहेब, मालक चांगले आहेत, आमचा कप तेवढा वळचणीला ठेवतात." चांगले असतीलही! पण आपण तो कप विसळून पुन्हा वळचणीस खोवतो, तेव्हा शेजारी आपला मुलगा उभा असतो. सकाळीच त्याने आपल्याबरोबर त्रिशरण म्हटलेले असते.

पुढच्या खेपेस तो कप पुढे आला, तर चहा नको म्हणा. आणि का नको, ते परतताना वाटेतच मुलास सांगा.