विमानतळाचा नकाशा आणि आपला जिना
(द्वितीय वर्ष, कला)

विमानतळ म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या भिंती, थंडगार हवा आणि गुळगुळीत फरशी उभी राहते. श्रीमंतांचा थाट, असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. विमानाची पायरी तर अजून कोणीच चढलेले नाही. तेव्हा विमानतळावर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील. पण माझा मावसभाऊ सहारच्या विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. त्याच्याशी बोलताना आणि मिळेल ते वाचताना माझी खात्री पटली की, ज्याला आपण थाट म्हणतो त्याच्या मुळाशी अगदी साधा हिशेब आहे. आणि त्या हिशेबाची खरी गरज विमानाने उडणाऱ्यांपेक्षा लोकलच्या जिन्यावर रेटले जाणाऱ्यांना अधिक आहे.

हा हिशेब काय आहे? पहिली गोष्ट विमानाच्या पंखांची. लोकल फलाटाला चिकटून उभी राहते आणि तिचे सगळे दरवाजे एकदम माणसे सोडतात. विमानाचे तसे नाही. पावणेदोनशे-दोनशे माणसांचे साधे विमान घेतले तरी त्याच्या पंखांचा पसारा सुमारे ३६ मीटर असतो. दोन विमाने खेटून उभी करता येत नाहीत. म्हणून इमारतीला लांबच लांब हात फुटतात आणि प्रवाशाला चाल पडते. सहारचे २०१४ साली सुरू झालेले टर्मिनल दोन वरून पाहिले तर इंग्रजी एक्स अक्षरासारखे दिसते. तो आकार निव्वळ शोभेसाठी नाही. जुने टर्मिनल चालू ठेवूनच त्याच्याभोवती टप्प्याटप्प्याने नवे उभारायचे होते, त्या अडचणीतून तो निघाला.

दुसरी गोष्ट मजल्यांची. मोठ्या टर्मिनलमध्ये जाणारे वर आणि येणारे खाली, अशी वाटणी असते. विमानाचा दरवाजा जमिनीपासून बराच उंच असतो. वरच्या मजल्यावरून निघालेला माणूस जिना न चढता पुलावरून थेट आत जातो. सामानाची जागा विमानाच्या पोटात, म्हणून सामान पट्ट्यावरून खाली उतरते. तिथे माझ्या मावसभावासारखी माणसे उभी असतात, प्रवाशाला ती दिसतही नाहीत. जाणारा आणि येणारा यांची वाट एकमेकांना छेदत नाही, हे या सगळ्याचे सार.

तिसरी गोष्ट भीतीची. विमाने पळवून नेण्याचे प्रकार वाढले, तेव्हा अमेरिकेने १९७३ च्या जानेवारीपासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची केली. हळूहळू जगभर तेच झाले. पूर्वी निरोप द्यायला आलेले नातलग पार आतपर्यंत जात. आता इमारतीचे तपासणीपूर्वीचा आणि तपासणीनंतरचा असे दोन भाग पडले.

आणि चौथी गोष्ट पैशाची. आयर्लंडमधील शॅनन विमानतळावर १९४७ साली करमुक्त मालाचे दुकान निघाले आणि थांबलेला प्रवासी हे चांगले गिऱ्हाईक आहे, हे साऱ्या जगाला कळले. आज तपासणी संपली की वाट मुद्दाम दुकानांच्या मधून नेलेली असते. तेव्हा विमानतळाचा नकाशा काही साधुसंताने काढलेला नाही, हे मलाही मान्य आहे. पण गिऱ्हाईक म्हणून का होईना, तिथे माणसाचा विचार झालेला असतो. तो किती वेळ उभा राहील, त्याला किती जागा लागेल, तो कुठे वळेल, हे आधी मोजले जाते.

आता आपल्याकडे पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, तेव्हाचे ठाणे ते केवढे! गाव वाढले, कल्याण-डोंबिवली वाढली, गाड्या वाढल्या; जिने मात्र गर्दीच्या मागून रखडत आले. एकाच जिन्यावर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. पावसामुळे लोक पुलावर थांबले होते आणि मागून गाड्यांतून उतरलेली गर्दी येतच होती. वाटा वेगळ्या नसल्या की काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण कोणते द्यावे? माझी आई रोज कामाला जाते. संध्याकाळी जिना उतरताना ती कठडा सोडत नाही. चोराची नाही, समोरून येणाऱ्या माणसांची तिला भीती वाटते.

यावर कोणी म्हणेल, विमानतळावर माणसे थोडी आणि पैसा अमाप. तिथली तुलना इथे कशाला? पण ठाण्याच्या पश्चिमेला सॅटिसचा पूल उभा आहे. बस वर, रिक्षा खाली आणि रेल्वेच्या पुलावरून चालत थेट बसपर्यंत जायचे, म्हणजे विमानतळाचेच तत्त्व झाले. २०२४ साली ठाण्याचा फलाट क्रमांक पाच रुंद करण्यासाठी ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला. लोकांनी हाल सोसले, पण फलाट रुंद झाला. मनात आणले तर जमते, एवढाच याचा अर्थ.

मित्रहो, ठाणे आणि मुलुंड यांच्यामध्ये नवे स्थानक व्हायचे आहे, कल्याणच्या स्टेशन परिसराचाही कायापालट चालला आहे. रंगीत चित्रांत काच दिसेल, सरकते जिने दिसतील. ती पाहून आपण हुरळून जाऊ नये. आपण शिकलेल्या मुलामुलींनी एकच प्रश्न विचारावा: उतरणाऱ्यांची वाट कोणती आणि चढणाऱ्यांची कोणती? या प्रश्नाला नकाशात उत्तर नसेल, तर छत कितीही देखणे असो, तो नकाशा परत पाठवावा.