मागे बसणाऱ्याचा कॅमेरा

साप्ताहिक स्तंभ : ठेका
लेखक : ठेकेदार

लग्नसराईत मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसरच्या रस्त्यावर धुमाल पार्टी निघाली की वीस-पंचवीस मोबाइल तरी वर होतात. रोख सगळ्यांचा एकीकडेच : गाडीवरचे दिवे, नवरदेवाचे नाचणारे दोस्त, फार तर कीबोर्डवाला. ज्या ढोलवाल्याच्या हातांवर ही वरात पावलं टाकते तो मागे जनरेटरच्या धुरात घामाने निथळत वाजवत असतो. त्याच्याकडे मोबाइल वळलाच तर तो चुकून, कुणाचा तरी धक्का लागला म्हणून.

अशा मागच्या माणसाने स्वतःच कॅमेरा हाती घेतला तर काय होतं? आमच्या भागात अजून कुणी घेतलेला नाही, म्हणून उदाहरणं बाहेरची देतो.

डेव्ह ग्रोल. लहानपणी उशांवर काठ्या बडवत ड्रम शिकलेला अमेरिकी पोरगा. १९९० साली तो निर्वाणा बँडमध्ये आला, पुढच्याच वर्षी ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम निघाला आणि बँडची तीन पोरं जगभर पोहोचली. १९९४ मध्ये बँडचा गायक कर्ट कोबेन गेला. त्याच वर्षी ग्रोलने आठवडाभर स्टुडिओत बसून जवळपास सगळी वाद्यं एकट्याने वाजवली आणि त्यातून फू फायटर्स हा बँड उभा राहिला. आता हातात गिटार, पुढ्यात माइक. माणूस मागून पुढे आला, तो कायमचा, असंच सगळ्यांना वाटलं.

पण २०१३ साली त्याने ‘साउंड सिटी’ हा माहितीपट केला आणि नजर पुन्हा मागच्या रांगेत नेऊन ठेवली. लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातला हा स्टुडिओ, म्हणाल तर गोदाम. मळके गालिचे, बकाल भिंती. आत मात्र १९७३ साली पंचाहत्तर हजार डॉलरहून जास्त मोजून आणलेलं नीव कंपनीचं मिक्सिंगचं टेबल. फ्लीटवुड मॅकची गाणी त्यावरून गेली, ‘नेव्हरमाइंड’ही तिथलंच. त्या खोलीत ड्रमचा आवाज विलक्षण यायचा. गंमत म्हणजे तसा यावा म्हणून कुणी ती बांधली नव्हती, तो आपसूकच यायचा. पुढे संगणकाने टेप हटवली, २०११ मध्ये स्टुडिओने बाहेरची गिऱ्हाइकं घेणं बंद केलं आणि ग्रोलने ते टेबल विकत घेऊन स्वतःच्या स्टुडिओत नेलं.

चित्रपट निघाला तो या टेबलापायी. त्यात बडे गायक आहेतच, पण मला आवडतात ती स्टुडिओ चालवणारी माणसं, रात्र रात्र टेप फिरवणारे ध्वनिमुद्रक. टेबल बनवणारे म्हातारे रूपर्ट नीव विजेच्या परिपथांबद्दल समजावत असतात आणि समोर ग्रोलचा चेहरा गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसलेल्या पोरासारखा. एखाद्या शहाण्या दिग्दर्शकाने तो चेहरा कापला असता. याने ठेवला.

शेवटचा भाग मात्र मला लांबलेला वाटतो. पॉल मॅकार्टनीपासून सगळे दोस्त येतात, नव्या घरी आलेल्या टेबलावर गाणी वाजवतात, आणि माहितीपटाचा वास्तुशांतीचा व्हिडिओ होतो. २०१४ च्या ‘सॉनिक हायवेज’ मालिकेतही तेच. आठ शहरं, आठ भाग. प्रत्येक शहराचं संगीत जुन्या जाणत्यांकडून ऐकायचं आणि भागाच्या शेवटी तिथेच केलेलं आपल्या बँडचं नवं गाणं वाजवायचं. पाहुण्याने जेवावं, तारीफ करावी. पण प्रत्येक पंगतीत उखाणा त्याचाच का? तरीही न्यू ऑर्लीन्सचा भाग बघाच. गल्लीतली मिरवणूक आणि तिचे ढोल बघताना आपली वरात आठवल्याशिवाय राहत नाही.

कॅमेरा धरणारा ग्रोल हा काही पहिला ड्रमवाला नव्हे. द पोलिसचा स्टुअर्ट कोपलंड सत्तरच्या दशकाअखेरीपासून सुपर-एट कॅमेरा घेऊनच फिरत होता. हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत रंगभवनला वाजवून गेला होता. टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने तो बोलावला होता, हेही नवल. कोपलंडने साठवलेल्या फितींचा चित्रपट पुढे २००६ मध्ये आला. घरातल्याने काढलेला असल्याने तो मोकळा आहे, आणि घरातल्याने काढलेला असल्यानेच अवघड प्रश्न टाळतो.

तिघांत उजवा तिसरा : अहमिर थॉम्पसन, म्हणजे क्वेस्टलव्ह. तसा तो रॉकवाला नाही, द रूट्स या हिप-हॉप बँडचा ड्रमर. १९६९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांचा मोठा संगीत महोत्सव झाला. हॅल टुल्चिन यांनी तो चित्रित केला, चाळीसेक तासांचं चित्रण झालं आणि घेणारं कुणी न मिळाल्याने तळघरात पडलं. पन्नास वर्षं! क्वेस्टलव्हने ते घरातल्या पडद्यावर महिनोन्‌महिने अखंड चालू ठेवलं. उठता-बसता बघायचं आणि अंगावर काटा आला की टिपून ठेवायचं. त्यातून ‘समर ऑफ सोल’ झाला आणि २०२२ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. सुरुवातीलाच एकोणीस वर्षांचा स्टीव्ही वंडर दिसतो, तोही ड्रमवर बसलेला. हा भाग पुढे आणायचं ड्रमवाल्यालाच सुचणार.

आणखी एक गोष्ट त्याने केली. तेव्हा त्या गर्दीत लहान मूल म्हणून आलेल्या माणसाला त्याने ते चित्रण दाखवलं आणि बघतानाचा त्याचा चेहरा टिपला. आपण पाहिलं होतं ते स्वप्न नव्हतं, हे त्या माणसाला पन्नास वर्षांनी कळतं. मला तर संबंध चित्रपटापेक्षा तेवढाच भाग मोठा वाटतो.

वाजवणाऱ्याने केलेला नसला तरी आपल्या देशात ‘लीव्हिंग होम’ आहे, इंडियन ओशन बँडवर जयदीप वर्मा यांनी केलेला. या बँडने नर्मदाकाठचं ‘मा रेवा’ देशभर पोहोचवलं, म्हणून आपल्या मध्य प्रदेशाचं त्याच्याशी जरा जास्तच नातं. चित्रपट २०१० मध्ये चित्रगृहांत लागला. बँडचे तालवादक-गायक असीम चक्रवर्ती त्याआधी काही महिनेच, डिसेंबर २००९ मध्ये गेले होते. कॅमेरा वेळेवर पोहोचला म्हणून ते आज दिसतात.

आता घरचं. आमच्याकडे ताल धरणारा मागेच बसतो असं मुळीच नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी पुढेच असायची. गाणारे तेच, वाजवणारेही तेच. १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेलाही ते गेले. अकोटचे सत्यपाल महाराज तर सात खंजिऱ्या मांडून बसतात. त्यांच्या हातांना टिपणारे कॅमेरे पुष्कळ आहेत. पण पांढुर्णा-सौसरच्या खेड्यांत गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात चाळीस चाळीस वर्षं खंजिरी धरलेले हात? दंडारीची ढोलकी? पोळ्याच्या झडत्यांना साथ देणारं डफडं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरे येतात, नाही असं नाही. जांब नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेक, असते, पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर, मधे पळसाच्या झाडावर झेंडा. दगड आणि रक्त एवढं टिपून संध्याकाळच्या आत गाड्या परत जातात. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून आपला नवा जिल्हा झाला. त्याचं गॅझेटिअर कधीतरी लिहिलं जाईलच. संत्री त्यात येतील, गोटमार येईल, जामसावळीचा हनुमान येईल. खंजिरीचं तेवढं सांगता येत नाही.

आमच्या मामाच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट घरी आहे. तीन तासांत आहेर तेवढा सविस्तर : प्रत्येक पातेलं, प्रत्येक पाहुणा. रात्रीचं भजन जेमतेम चार मिनिटं, आणि त्यात चौकटीच्या कडेला खंजिरीवर पडणारा एक हात. मनगटापर्यंतच. तो कुणाचा, यावर घरात तीन मतं आहेत आणि सांगू शकणारी आजी आता नाही. फितीला बुरशी लागलीय. चालवायला व्हीसीआर मिळायला हवा. जपानच्या शेवटच्या कंपनीने तो बनवणं २०१६ मध्येच थांबवलं.

म्हणून सांगतो, दिवाळीच्या साफसफाईत कॅसेटा निघतील, त्या भंगारवाल्याला देऊ नका. नागपुरात त्या संगणकावर उतरवून देणारी दुकानं अजून आहेत. उतरवून घरातल्या सगळ्यात वयस्क माणसासमोर लावा, आणि कोण कोण दिसतं ते वहीत लिहून घ्या. नवरा-नवरीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. वाजवणाऱ्यांची नावं आधी विचारा.