बिनपगारी परीक्षा

आज १ ऑगस्ट, लोकमान्यांची पुण्यतिथी. डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्लेनो पट्ट्यातल्या मराठी घरांत लगबग आहे ती गणपतीची. हॉल, ढोल-ताशाचा सराव, प्रसादाचा हिशेब. टिळकांची आठवण १८९३च्या सार्वजनिक उत्सवामुळे येतेच; पण आज आठवावा तो जुलै १९०८.

टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस. त्या कामगारांपैकी कोणी टिळकांचा नोकर नव्हता, उलट ज्याचा त्याचा रोज बुडाला. सुरतेच्या फुटीनंतर टिळक काँग्रेसच्याही बाहेर होते. अध्यक्षपद तर त्यांनी कधीच भूषवले नाही. त्या संपामागे जुनी पुंजी होती. दुष्काळात शेतकऱ्याला सारामाफीचा हक्क समजावून सांगणारे, प्लेगमध्ये अनेक पुढारी पुणे सोडत असताना तिथेच राहून इस्पितळ चालवणारे टिळक लोकांनी पाहिले होते.

आता पद हाती असलेल्यांच्या फ्रिस्कोकडे वळू. २०००मध्ये जेमतेम चौतीस हजार वस्तीचे हे गाव २०२०च्या जनगणनेत दोन लाखांवर गेले. या वाढीत आपली आयटीतली मंडळी पुष्कळ, आणि त्यांतले बरेच आज मॅनेजर, डायरेक्टर आहेत. 'माझी टीम माझं ऐकते,' असे ते म्हणतात. ऐकणारच! हाताखालचा एच-वन-बी व्हिसावर असेल तर नोकरी सुटल्यावर त्याला दुसरी शोधायला किंवा गाशा गुंडाळायला फार तर साठ दिवस मिळतात. अशा माणसाच्या होकारात आदर किती आणि घराच्या हप्त्याची धास्ती किती, हे साहेबाला कधीच कळत नाही. बिचारा सगळे श्रेय स्वतःकडे घेतो.

गणपतीच्या मंडळात मात्र कोणाचा व्हिसा कोणाच्या हातात नसतो. तिथे व्हाइस प्रेसिडेंटसाहेबांची 'सकाळी सातला हजर राहावे' ही ईमेल न उघडलेलीच पडून राहते. आणि कोणाच्या बाळंतपणात डबे पोचवणाऱ्या, नव्याने आलेल्या जोडप्याला विमानतळावरून घरी आणणाऱ्या काकूंचा एक फोन गेला, की खुर्च्या लावायला माणसे धावतात. पद हवेच, नाही असे नाही. हॉलच्या करारावर सही कोणीतरी करायलाच हवी. पण नुसत्या पदाने भागत नाही. खुद्द फ्रिस्को शहराचा रोजचा कारभार सिटी मॅनेजर पाहतो, निवडून आलेला महापौर नव्हे. महापौराला बरेचसे काम पटवूनच करून घ्यावे लागते.

नेतृत्वाच्या कार्यशाळांना कंपन्या भरपूर पैसे मोजतात. आमच्या डायरेक्टर मंडळींनी त्याआधी यंदाच्या गणपतीत वाढप्यांच्या यादीत नाव द्यावे, समितीत नव्हे. सूचना द्यायला कॉलेजातली एखादी मुलगी असली तरी चालेल.