गूढपादाचें घर

माझ्या पुतण्याचा बारा वर्षांचा मुलगा अमेरिकेंत टेक्सस प्रांतांत राहतो. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं त्यानें मला विचारलें, ‘अण्णाआजोबा, साप कंटाळतो का हो?’ आमच्या घराण्यांत आजवर गाय, पोपट आणि एक मांजर यांपलीकडे कोणी कांहीं पाळलें नाहीं. या चिरंजीवांनीं मात्र बोआ जातीचा साप पाळला आहे. तिकडील कायद्यानें तें चालतें. साप सहा फुटांचा, कांचेची पेटी चार फुटांची. तळाशीं कागद, कोपऱ्यांत पाण्याचें भांडें, वर उबेसाठीं दिवा. महिनाभर तो रात्रभर कांचेवर नाक घांसतो, आणि दोन वेळां त्यानें अन्नाकडे पाठ फिरविली. वडील मंडळी म्हणतात, सापाला कसला आला कंटाळा! मांडवगणांत मीं ही हकीकत पारावर सांगितली, तेव्हां तेथेंही हेंच उत्तर मिळालें. वर हशा पिकला तो निराळाच.

मला हंसतां आलें नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत मराठी व संस्कृत शिकवीत असतांना एका विद्यार्थ्यानें नांगरटींत सांपडलेला मांडूळ आणून दिला. दुतोंड्याला दोन तोंडें नसतात, एक तोंड आणि एक बोथट शेपटी असते, हें मुलांना डोळ्यांनीं दिसावें म्हणून मीं तो कांचेच्या बरणींत घालून खिडकींत ठेवला. तीन दिवस मोठें कौतुक झालें. तो कांचेच्या कडेकडेनें सारखा फिरे. मग फिरणें थांबलें. नाकाचें टोंक सोललें होतें. अकराव्या दिवशीं तो मेला. असा प्राणी धरून ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. पण मातींत राहणाऱ्या जीवाला मीं मूठभर मातीही दिली नव्हती, आणि ती तर खिडकीखालीं अंगणभर पसरली होती. ती द्यावयास कायदा ठाऊक असण्याची काय गरज?

त्याच वर्गांत त्याच महिन्यांत मीं अमरकोशांतील सर्पाचीं नांवें पाठ करून घेत होतों. ‘बिलेशय’ म्हणजे बिळांत निजणारा, असा अर्थ मुलें खडखडीत सांगत, आणि त्यांच्या समोर बिलेशय बिळावांचून फिरत होता.

तेव्हां या वेळीं उत्तर लिहिण्याची घाई केली नाहीं. मांडूळ आणि तो परदेशी बोआ हे एकाच गणगोतांतले. फार तर चुलत घराणीं म्हणा. आमच्याकडे शेतीची वीज पुष्कळदां रात्रीं येते आणि उंसाला पाणी द्यावयास जावें लागतें. (बिबट्याच्या भयानें आम्ही दोघे-तिघे मिळून जातों.) बांधाच्या भुसभुशीत मातींतून मांडूळ बाहेर येतांना मीं अशा रात्रीं चार-पांच वेळां पाहिला. दिवसा तो जमिनीवर क्वचित् दिसतो. अंधार पडला कीं प्रथम डोकें तेवढें वर येतें, आणि तो तसाच पडून राहतो. घाई म्हणून नाहीं. उंदीर टप्प्यांत आला कीं मात्र झडप आणि विळखा एका क्षणांत. (भोजनाच्या वेळीं हा अंक वाचणाऱ्यांनीं क्षमा करावी.) विजेरीचा झोत अंगावर पडतांच एकानें डोकें वेटोळ्याखालीं घातलें आणि शेपटी वर केली. शत्रूनें शेपटीला डोकें समजावें अशी ही युक्ति. दुतोंड्या हें नांव तिच्यांतूनच आलें असावें.

पाहतां पाहतां अमरकोशांतील शब्द एकेक करून आठवूं लागले. ‘गूढपाद्’, ज्याचे पाय लपलेले आहेत तो. बोआच्या कुळांत शेपटीच्या मुळाशीं मागच्या पायांचे अवशेष नखीसारखे खरोखरच असतात. ‘पवनाशन’, वारा खाणारा. साप वारा खात नाहीं; पण जिभेनें हवेंतील गंधाचे कण टिपून टाळूंतील इंद्रियाकडे नेतो, म्हणजे वाऱ्याची चव घेतो एवढें खरें. ‘चक्षुःश्रवा’, डोळ्यांनीं ऐकणारा, हें कांहीं टिकत नाहीं. सापाला बाहेरचा कान नाहीं, मात्र जमिनीचा कंप त्याला जबड्यावाटे पोंचतो. आणि ‘दीर्घपृष्ठ’ या शब्दाशीं मी थबकलों. सहा फुटांचें पृष्ठ चार फुटांच्या पेटींत आयुष्यांत एकदां तरी सरळ होणार कसें?

मग मुलाला लिहिलें. पेटी सापाच्या लांबीहून मोठी करावी. कागद काढून माती व पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा. बोआ मांडुळासारखा केवळ भुईंतला नव्हे, विशेषतः तरुणपणीं तो झाडावर पुष्कळ चढतो. म्हणून भक्कम फांदी हवी. एक टोंक उबदार, दुसरें थंड, आणि दोन्हींकडे दडावयास काळोखी जागा. नाहींतर ऊब घ्यावी कीं लपावें अशा पेंचांत तो पडेल. अंग बुडेल एवढें पाणी. दूरदर्शनसंच त्या भिंतीपासून हलवावा. अन्न दिवेलागणीनंतर द्यावें, आणि तें समोर टाकण्यापूर्वीं पाल्यावरून, फांदीवरून ओढून नेऊन गंधाची वाट करावी. त्याला शोधूं द्यावें. क्यूबा बेटांतील बोआ गुहेच्या तोंडाशीं लटकून उडतीं वटवाघळें पकडतात, आणि अनेकांनीं मिळून वाट अडविली कीं शिकार अधिक साधते, असें निरीक्षण २०१७ सालीं प्रसिद्ध झालें आहे. अशा कुळांतल्या जीवाला दर पंधरवड्यास एक मेलेला उंदीर तोंडाशीं मिळतो. मधले दिवस त्यानें काय करावें?

पुतण्यानें शंका घेतली कीं हे सारे मनुष्याचे लाड सापावर लादणें नव्हे काय. शंका रास्त होती. पण अमेरिकेंतच धामणीसारख्या उंदीरखाऊ सापांच्या पिलांवर प्रयोग झाला, तो २००६ सालीं छापला गेला. कांहीं पिलें रिकाम्या पेटींत वाढविलीं, कांहीं फांद्या-आडोशांच्या पेटींत. दुसरीं नवीन कोड्याची उकल लवकर करतात असें आढळलें. पुतण्या अभियंता आहे. प्रयोग म्हटल्यावर त्यानें स्वतः लांकूड आणून मोठी पेटी केली.

येथें आमच्या वाचकांस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हें सारें मांडूळ घरांत ठेवण्याची कृति नव्हे. गुप्तधन दाखवितो, असाध्य रोग बरे करतो अशा थापांवर मांडुळाचा वजनावर लाखोंचा चोरटा व्यापार चालतो, आणि सुशिक्षित माणसेंही त्यांत फंसलेलीं वर्तमानपत्रांतून दिसतात. मांडूळ दिसला तर बांधावरच राहूं द्यावा. आपले उंदीर तो फुकट खातो. घरांत शिरला तर वनखात्यास कळवावें.

दिवाळीच्या सुमारास मुलाचें उत्तर आलें. नाक घांसणें थांबलें आहे, साप जेवला आहे, आणि पहिल्याच रात्रीं फांदीवर चढला तो दोन दिवस उतरला नाहीं. परंतु आतां नवी तक्रार: दिवसा तो पाल्याखालीं असतो, मित्र पाहावयास येतात आणि हिरमुसून परत जातात, थोडा पाला काढूं का? नीलिमकुमार खैरे यांच्या प्रयत्नांनीं १९८६ सालीं सुरू झालेल्या कात्रजच्या सर्पोद्यानांत मीं शाळेची सहल नेली होती, तेव्हां आमचीं मुलेंही ‘गुरुजी, दिसतच नाहीं’ म्हणून असेंच कुरकुरलीं होतीं. बरणींतला मांडूळ मात्र अकराही दिवस सर्वांना उत्तम दिसत होता. पाला काढूं नको, मित्रांना सूर्यास्तानंतर बोलाव, असें मीं त्याच दिवशीं कळविलें.