वाकडे दात, सरळ हिशेब

दोस्तांनो, दातांवर लिहितोय म्हणून हसू नका. हसायलाही दात लागतात.

मुंबईत पी. डिमेलो रोडवर, म्हणजे गोदी कामगारांच्या पुढाऱ्याच्या नावाच्या रस्त्यावर, सरकारी दंत महाविद्यालय आहे. आम्ही गोदीवाले पाळी सुटल्यावर चालत जाऊ. शिवाय मुंबई सेंट्रलला नायरचं, १९३३ पासूनचं. आणि मराठवाड्याला सरकारी मिळालं ते १९८२ साली, औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला.

आता कपिलधारला या. मन्मथस्वामींची समाधी, धबधबा, कार्तिकी पौर्णिमेची तोबा गर्दी. तिथून संभाजीनगर जाऊन-येऊन तीनेकशे किलोमीटर. तारा एकदा बसवून भागत नाही. दर चार-सहा आठवड्यांनी आवळाव्या लागतात, दीड-दोन वर्षं. वीस खेपा धरा, सहा हजार किलोमीटर झाले. सरकारी फी कमी असेल, पण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी कोण देणार? खाजगीत तीस-चाळीस हजार मागतात. मुकादमाच्या उचलीतनं काढायचे काय?

खरी मेख पुढेच. बीडचा कोयता दिवाळीच्या सुमारास फडावर जातो, तो मार्च-एप्रिलपर्यंत. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटक. पोरंही बरोबर. पाच महिने तार कोण आवळणार? सुटलेली तार गालात रुतते, दात भलतीकडे सरकतो. आणि कागदावर काय लिहिणार? पेशंट आला नाही. च्यायला, पेशंट ऊस तोडतोय!

आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, भाकरीची मारामार आणि तुम्हाला तारा कसल्या? अरे, भाकरी चावायचीच आहे ना? पुढे आलेला दात आपटल्यावर आधी तुटतो. दाटीतले दात घासता येत नाहीत, किडतात. शोरूमच्या काउंटरवर नोकरी मागायला गेलात तर तोंड आधी बघतात, सर्टिफिकेट मागनं. इंग्लंडात अठराच्या आतल्या पोराला गरज ठरली तर तारा सरकारी खर्चानं बसतात. तिथं ती चैन नाही, इथंच कशी?

बीडला डॉक्टर पोचत नाहीत म्हणता? २०१९ साली सरकारी समितीनं बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांवर बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कापायला बरोबर पोचतात!

अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं महिन्याला दोन दिवस तारांचा डॉक्टर बसवा. हंगामात तीच फाइल कारखाना पट्ट्यातल्या सरकारी दवाखान्यात चालू द्या. पैसा? ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागं दहा रुपये घ्यायचं सरकारनंच ठरवलंय. त्यातनं द्या.